सोसायटीतलं ख्रिसमस ट्री कललंय, पाडावं का? (ठाणे)

घोडबंदरची_अनघा | ३ डिसेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात टाकावा की कायदेशीर सल्ल्यात, कळेना. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. राहायला आलो त्याच वर्षी बी विंगमधल्या एका कुटुंबाने नाताळात कुंडीतलं ख्रिसमस ट्री आणलं होतं. नाताळ संपला, कुंडी जिन्यात पायात यायला लागली, तेव्हाच्या वॉचमनने ते उचलून गेटजवळच्या वाफ्यात लावून टाकलं. याला आता चोवीस वर्षं झाली. झाड सहाव्या मजल्याला पोचलंय.

प्रश्न असा की ते कललंय, आणि नेमकं पार्किंगच्या बाजूला. कमिटीचं म्हणणं, पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी गाडीवर पडणार, आत्ताच काढून टाकू. रविवारी सभा आहे. मला ते वाचवायचंय, पण "बघायला छान आहे" याच्यापलीकडे माझ्याकडे मुद्दा नाही. त्यावर पक्षीसुद्धा फारसे नसतात, एक कावळ्याचं घरटं सोडलं तर. काय बोलू सभेत?

रुमाल_टाकणारा | ३ डिसेंबर, रात्री १०.३१

सभेचा वृत्तांत हवा. रुमाल टाकून ठेवतो.

ठाणेकर_त्रस्त | ३ डिसेंबर, रात्री १०.४८

पाडा हो. परदेशी झाड, ना सावली ना फळ. त्या जागी कडुनिंब लावा. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतंय आणि लोकांना ख्रिसमस ट्रीची पडलीय.

वकीलीण_बाई | ३ डिसेंबर, रात्री ११.०५

अनघा, भावना बाजूला ठेवून कायद्याचं सांगते. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, झाड देशी आहे की परदेशी हा प्रश्नच नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तुमचं त्यात बसत नाही. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली: तोडायच्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवीन झाडं लावायची. म्हणजे चोवीस. कमिटीला एवढंच विचारा, चोवीस झाडं कुठे लावणार? पोडियमवर?

नेरुळचे_मास्तर | ४ डिसेंबर, सकाळी ६.२०

अनघाताई, एकच प्रश्न. तुमचं पार्किंग झाडाच्या दक्षिणेला आहे का?

घोडबंदरची_अनघा | ४ डिसेंबर, सकाळी ८.०२

मोबाइलचं होकायंत्र घेऊन खाली जाऊन आले. हो!! बरोबर दक्षिण. तुम्ही आमच्या सोसायटीत येऊन गेलात का?

वास्तुमित्र | ४ डिसेंबर, सकाळी ९.१५

दक्षिण ही यमाची दिशा. आवारात दक्षिणेकडे झुकलेला वृक्ष ठेवू नये. जाणकारांनी विचार करावा.

खवचट_खोपटकर | ४ डिसेंबर, सकाळी ९.२१

यमाला घरचा रस्ता दाखवतंय बिचारं. उलट आभार माना.

नेरुळचे_मास्तर | ४ डिसेंबर, दुपारी ३.४०

शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट, हे ख्रिसमस ट्री नव्हे. युरोपात नाताळात जी झाडं घरात आणतात ती फर किंवा स्प्रूस. त्यांना आपली हवा मानवायची नाही. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते अरौकॅरिया. त्याला 'पाइन' म्हणतात, पण पाइनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही, त्याचं कूळच वेगळं.

दुसरी गोष्ट, नर्सरीवाला त्याला 'नॉरफॉक पाइन' म्हणेल, पण बरेचदा ते त्याचं चुलत भावंड, 'कुक पाइन' निघतं. लहानपणी दोघं इतकी सारखी दिसतात की मीही फसतो. मोठी झाली की फरक कळतो. नॉरफॉकचं झाड पसरट शंकूसारखं, फांद्यांचे मजले सुटे सुटे. कुक पाइन अरुंद, खांबासारखं, आणि त्याच्या खोडाची साल कागदाच्या पातळ पट्ट्यांसारखी सुटते. ताई, तुमच्या झाडाची साल बघा.

आता दक्षिणेचं कोडं. २०१७ साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाच खंडांतल्या १८ ठिकाणची २५६ कुक पाइन मोजली. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे कललेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. म्हणजे सगळी विषुववृत्ताच्या दिशेने! सरासरी कल ८.५५ अंश. पिसाचा मनोरा ज्या मानाने कललाय त्याच्या दुपटीच्या आसपास. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका कल जास्त. ऑस्ट्रेलियातलं एक झाड तर ४० अंश कललेलं सापडलं. असं का होतं याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. ठाणे १९ अंश उत्तरेला आहे. म्हणून पार्किंगची दिशा विचारली.

खवचट_खोपटकर | ४ डिसेंबर, दुपारी ४.०२

मास्तर, दंडवत.

ठाणेकर_त्रस्त | ४ डिसेंबर, दुपारी ४.३०

ऊन दक्षिणेकडून येतं, झाड उन्हाकडे वाकलं. यात कोडं कसलं? माझी तुळससुद्धा वाकते.

नेरुळचे_मास्तर | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

तुळस खिडकीत असते, प्रकाश एकाच बाजूने येतो. ती झाडं उघड्यावरची, चहूकडून प्रकाश मिळणारी होती. त्याच जागी शेजारी उभी असलेली इतर झाडं अशी नेमाने एका दिशेला कलत नाहीत. बाकीची झाडं वाकली तर पुन्हा सावरतात, हे सावरत नाही, असं दिसतं. तुमचा मुद्दा शास्त्रज्ञांनीही विचारात घेतलाय, उडवून लावलेला नाही.

गुहागरची_वहिनी | ४ डिसेंबर, रात्री ९.००

आमच्याकडे समुद्रकाठी सुरूचं बन आहे. त्याला पण अशीच बारीक पानं आणि छोटे शंकू. ते पण याच जातीचं का? सगळे त्याला पाइनच म्हणतात.

नेरुळचे_मास्तर | ४ डिसेंबर, रात्री ९.४५

वहिनी, परीक्षेत हा प्रश्न मी हमखास घालायचो आणि निम्मा वर्ग गार व्हायचा. सुरू सूचिपर्णी, म्हणजे पाइन-अरौकॅरियासारखं बिनफुलांचं झाड, नाही. ते फुलझाडच आहे, आंबा-फणसासारखं. जी सुई वाटते ती बारीक डहाळी असते, खरी पानं त्या डहाळीच्या पेरांवर खवल्यांएवढी. शंकू वाटतो तो फळांचा गुच्छ. आणि तेही ऑस्ट्रेलियाकडूनच आलेलं.

आपल्या महाराष्ट्राच्या रानात नैसर्गिकरीत्या उगवणारं सूचिपर्णी झाड नाही. दक्षिण भारतातल्या घाटांतही एकच, नागेया वालिचियाना. अगस्त्यमलय, पेरियार वगैरे भागांत. त्याची पानं रुंद, शिरा उभ्या समांतर. जंगलात समोर उभं राहिलं तरी कुणाला ते पाइनचं नातलग वाटणार नाही. पण करोडो वर्षांपूर्वी अरौकॅरियाचं कूळ भारतातही होतं. कच्छमध्ये आणि झारखंडच्या राजमहल टेकड्यांत त्यांचे जीवाश्म मिळालेत. तेव्हा 'परदेशी, परदेशी' जरा बेतानं म्हणावं, असं आपलं माझं मत.

ठाणेकर_त्रस्त | ४ डिसेंबर, रात्री १०.०५

करोडो वर्षांपूर्वीचं आधार कार्ड चालत नाही मास्तर.

इंजिनरूम_अण्णा | ५ डिसेंबर, पहाटे १.३०

झोप येत नव्हती, धागा सापडला. मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होतो, आता खारघरला निवृत्त. मास्तरांच्या कुक पाइनचं माहेर न्यू कॅलेडोनिया. तिथे मी दोनदा जाऊन आलोय.

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला बघा. फ्रेंचांच्या ताब्यातलं बेट, साधारण ४०० किलोमीटर लांब आणि जेमतेम ५०-७० रुंद. कोकणपट्टी मधोमध तोडून अर्धा तुकडा समुद्रात सोडलाय असं समजा. मधून डोंगराची रांग, बाजूला प्रवाळाचा कठडा. माती लालभडक. पहिल्यांदा डेकवरून पाहिलं तेव्हा मला राजापूरच आठवलं.

आम्ही जायचो निकेलचं ओर, म्हणजे कच्चं खनिज, भरायला. डोंगराची डोकी पायऱ्या-पायऱ्यांनी सोललेली, पाऊस पडला की लाल ओघळ थेट खाडीत. आणि ज्या कड्याला अजून हात लागलेला नाही त्याच्या धारेवर ही झाडं. काळपट हिरवी, उदबत्तीच्या घरात खोचलेल्या उदबत्त्यांसारखी. काही समईसारखी, दांडा सरळ आणि वर फांद्यांचे हात. आमचा एक फ्रेंच पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा, म्हणायचा की ती जिथे दाट दिसतील तिथे खाली निकेल आहे असं समज. खरंखोटं त्याला माहीत.

त्या ओरचा आम्हाला वेगळाच धसका. ओलं असलं की इंजिनच्या थरथराटाने आणि लाटांनी ते होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, पातळ होतं, दलदलीसारखं एका बाजूला सरकतं आणि जहाज कलंडतं. माणसं गेलीत त्यात. भरण्याआधी डब्यात घेऊन आपटून बघायचं, वर पाणी सुटतं का. कलण्याचं आमचं असं दुखणं होतं, अनघाताई. तुमचं झाड परवडलं.

घोडबंदरची_अनघा | ५ डिसेंबर, सकाळी ७.५०

अण्णा, वाचून काटा आला. मास्तर, साल बघितली. हात लावला तर कागदासारखी पट्टी सुटली. म्हणजे कुकच ना? आणि हा कुक म्हणजे तोच का, जहाजवाला?

नेरुळचे_मास्तर | ५ डिसेंबर, सकाळी ११.१५

तोच. कॅप्टन जेम्स कुक, दुसरी सफर, सप्टेंबर १७७४. न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिण टोकाशी लांबून उंच खांब दिसले. जहाजावरच्या निसर्गशास्त्रज्ञांना वाटलं, बेसाल्टचे खांब असणार. कुक म्हणाला, झाडं आहेत. पैजा लागल्या. कुक जिंकला आणि बेटाला 'पाइनचं बेट' हे नाव पडलं. बेसाल्टचे उभे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर बघायला मिळतात. ते पाहिले की शास्त्रज्ञांची चूक फार मोठी वाटत नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, त्याला नॉरफॉक बेट सापडलं आणि तिथलं दुसरं अरौकॅरिया. शिडाच्या डोलकाठ्यांना सरळसोट लाकूड मिळालं म्हणून ब्रिटिश खूश झाले, १७८८ मध्ये तिथे वसाहतही केली. लाकूड डोलकाठीच्या कामाचं निघालं नाही. आज ते झाड नॉरफॉकच्या झेंड्यावर आहे.

गंमत पुढे आहे. नॉरफॉक बेट सगळं मिळून ३५ चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्या ठाणे शहराच्या साधारण चतुर्थांश. जगभरच्या दिवाणखान्यांत ज्याच्या कुंड्या आहेत, ते झाड मूळ रानात एवढ्याशा जागेत, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात. अनघाताईंचं कुक पाइन त्या मानाने बरं. ते समुद्रकाठच्या प्रवाळी चुनखडीवर वाढतं, तिथे निकेल नाही, म्हणून खाणवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खारा वारा त्याला सोसतो. आपल्या खाडीकाठी टिकलं ते उगीच नाही.

हाल झाले ते त्याच्या भावंडांचे. जगात अरौकॅरियाच्या साधारण २० जाती, त्यातल्या १४ एकट्या न्यू कॅलेडोनियात, दुसरीकडे कुठेच नाहीत. बऱ्याच जाती अण्णांनी सांगितलेल्या त्या लाल मातीवर. एक आहे अरौकॅरिया नेमोरोसा. बेटाच्या दक्षिण टोकाला पोर्ट बोआझे नावाचा भाग आहे, त्याच्या आसपास मोजक्या ठिकाणी उरलीय. 'अतिसंकटग्रस्त'. पूर्वी लाकूडतोड, मग खाणी आणि त्यांचे रस्ते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वणवा. या झाडांना आगीची सवय नाही. आपल्याकडे वणवा लागला की साग पुन्हा फुटतो, तसं यांचं होत नाही.

गुहागरची_वहिनी | ५ डिसेंबर, दुपारी १.००

त्या लाल मातीत असं काय आहे? आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्याचे चार महिने फुलं, नंतर काही नाही. झाडं मोठी होतच नाहीत.

नेरुळचे_मास्तर | ५ डिसेंबर, दुपारी २.२५

वहिनींनी नेमकं बोट ठेवलं. तीही जांभ्याचीच बहीण, फक्त आपला जांभा बहुतेक बेसाल्टवर तयार झाला, तिथला पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या अतिक्षारकीय खडकावर. त्या मातीत मॅग्नेशियम फार, कॅल्शियम आणि फॉस्फरस जवळजवळ नाही, वर निकेल, क्रोमियम. साधं झाड तिथे मरतं. म्हणूनच ज्यांना ती माती पचली त्यांना स्पर्धा उरली नाही. एकट्या त्या बेटावर चाळीसहून अधिक सूचिपर्णी जाती, सगळ्या फक्त तिथल्या. त्यात एक चक्क परोपजीवी, दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या मुळांवर जगणारी. सूचिपर्णींत जगात तेवढी एकच. आणि चिकूच्या कुळातलं एक झाड आहे, त्याचा चीक निळसर हिरवा. सुकवला तर त्यात २५ टक्क्यांच्या आसपास निकेल! घोलवडच्या चिकूने हे ऐकलं तर लाजेल.

पण ही झाडं वाढतात अत्यंत हळू. अण्णांनी पाहिलेला तो सोललेला डोंगर पुन्हा तसा व्हायला किती पिढ्या लागतील, विचार करा.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर | ५ डिसेंबर, रात्री ८.४०

निकेल ऐकून राहवलं नाही. आमचा धंदाच स्टेनलेस स्टीलचा. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. जगातलं निकेल सगळ्यात जास्त खपतं ते स्टेनलेसमध्ये, आता बॅटऱ्याही आल्यात. पण वहिनी लोकांनी घरातल्या डब्यांकडे अपराधी नजरेनं बघू नये. बाजारातली बरीच भांडी २०० सिरीजची, त्यात निकेल कमी करून मॅंगनीज घातलेलं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, 'बघा चिकटत नाही, अस्सल ३०४'. २०० सिरीजही चिकटत नाही. हे अवांतर झालं, पण कुणाचे चार पैसे वाचतील.

येऊरचा_वाटाड्या | ५ डिसेंबर, रात्री ११.१०

मी सहसा इथे लिहीत नाही. आम्ही आठ-दहा जण येऊरच्या पायथ्याशी रोपं करतो, दर पावसाळ्यात लावतो. मास्तरांनी नेमोरोसाचं नाव घेतलं म्हणून सांगतो. तिच्यावरचा २००८ साली आलेला एक अभ्यास मी वाचलाय. तिला वाचवायला रोपवाटिकेत रोपं केली होती. संशोधकांनी त्या रोपांची जनुकं रानातल्या रोपांशी ताडून पाहिली. रोपवाटिकेतली रोपं दिसायला ठणठणीत, पण त्यांच्यात विविधता कमी आणि जवळच्या नात्यातल्या संकराचं प्रमाण जास्त. म्हणजे रोपं शेकड्यांनी, घराणं तेवढंच.

हे वाचून मी चाट पडलो, कारण आम्ही तेच करत होतो. चार वर्षं आमचा सगळा बहावा एका झाडाच्या शेंगांचा. का? तर ते झाड चहाच्या टपरीशेजारी, शेंगा हाताला येतात. ताम्हण तर एका सोसायटीतल्या एका झाडाचं. कागदावर आकडा मोठा दिसायचा, फोटोही छान. आता निदान दहा-पंधरा झाडांचं बी गोळा करतो, एकमेकांपासून लांबची बघून. शेंगांसाठी वणवण होते आणि रोपं निम्मीच होतात. गेल्या वर्षी याच मुद्द्यावर दोघं जण गट सोडून गेले. त्यांना आकडा हवा होता.

घोडबंदरची_अनघा | ५ डिसेंबर, रात्री ११.३५

वाटाड्या, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ठाणेकर_त्रस्त | ६ डिसेंबर, सकाळी ९.३०

सगळं मान्य. पण वाटाड्याचाच न्याय लावला तर ताईंच्या सोसायटीतलं ते एकटं झाड वाचवून न्यू कॅलेडोनियाच्या रानाला काडीचा उपयोग नाही. बरोबर ना?

येऊरचा_वाटाड्या | ६ डिसेंबर, सकाळी १०.१५

बरोबर. शून्य उपयोग. तिथलं झाड तिथल्या डोंगरावरच वाचायला हवं. ठाण्याचं झाड ठाण्याच्या कारणांनी वाचवा: चोवीस वर्षांचं आहे, जिवंत आहे, आणि पडेल असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

अनघाताई, सभेआधी हे बघून घ्या. कलाच्या उलट बाजूला, म्हणजे उत्तरेकडे, जमीन फुगलीय का, भेगा आहेत का? मुळं उचकटल्याची ती खूण. बुंध्याशी पोकळ आवाज, बुरशीची छत्री? कल वर्षानुवर्षं तेवढाच आहे की या पावसात अचानक वाढला? जुने फोटो काढा. आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवलेत का? असतील तर ते आधी काढा. एक कळकळीची विनंती: 'उंची कमी करू' म्हणून शेंडा छाटू देऊ नका. या झाडाची बाजूची फांदी सहसा शेंड्याची जागा घेत नाही. फांदीचं कलम लावलं तरी ते आडवंच वाढतं. शेंडा गेला की त्याचा आकार कायमचा गेला.

घोडबंदरची_अनघा | ८ डिसेंबर, रात्री १०.५०

वृत्तांत. रुमालवाले, उठा.

सभेला एरवी अकरा जण असतात, आज चौतीस. कुणीतरी सांगितलं होतं की झाडावरून भांडण होणार. मी वाढदिवसांचे जुने फोटो नेले होते. २०११ च्या फोटोत माझा भाचा केक कापतोय आणि मागे झाड तितकंच कललेलं. तिथेच अर्धी सभा गप्प झाली. मग विंग ए मधल्या गवंडीकाम बघणाऱ्या काकांनी ओळंबा आणला, पोरांनी कंपासपेटीतला कोनमापक. साधारण पाच अंश आला, पोरांच्या मते सहा. उत्तरेकडची जमीन सपाट, भेगा नाहीत. पेव्हर मात्र बुंध्यात रुतलेले, ते काढायचं ठरलं. उद्यान विभागाला पाहणीसाठी अर्ज जाईल, आणि तोवर खालच्या दोन गाड्या पाहुण्यांच्या जागेत. चोवीस झाडांचा मुद्दा मी शेवटी काढला, वकीलीणबाई. सेक्रेटरी काका लगेच म्हणाले, 'तोडायचं आहे असं कोण म्हणालं?'

आता तेच काका येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलवर दिशा दाखवतायत. कुरिअरवाल्यालासुद्धा.

वास्तुमित्र | ८ डिसेंबर, रात्री ११.०४

पाच अंश चालतो.

वाशीची_सुलभा | ९ डिसेंबर, रात्री ८.१५

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. आमच्या सेक्टरमध्येही असंच झाड आहे, चौथ्या मजल्याएवढं, पण ते सरळ उभं आहे. होकायंत्र लावून चारी बाजूंनी पाहिलं, कुठेच कललेलं नाही. आमच्यात काही बिघाड आहे का?

नेरुळचे_मास्तर | ९ डिसेंबर, रात्री ८.४०

सुलभाताई, फांद्यांचे मजले सुटे आहेत का? साल पट्ट्यांनी सुटते की खवल्यांनी? नॉरफॉकचं असू शकेल.

वाशीची_सुलभा | ९ डिसेंबर, रात्री ९.०५

सकाळी बघून सांगते. आत्ता टॉर्च घेऊन गेले होते, वॉचमनने विचारलं, 'मॅडम, काय हरवलंय?'